मागची डावी जागा

मन्या, असा जवळ ये नि कान इकडे कर. काल गाडी दाखवायला आलास आणि आजीला आत न बसवताच गेलास, शोभतं का हे?

फाटकात उभी होती तुझी लाल गाडी. एवढी खाली घेतलेली, की नव्या रुंद चाकात आणि मडगार्डात जेमतेम दोन बोटं अंतर. मी नुसती बघत राहिले. तुझे आजोबा गॅरेजात अशी गाडी खाली घेत, तेव्हा स्प्रिंग कधी कापत नसत. आखूड स्प्रिंग आणि तिला जुळणारे शॉकअप घालत. मग घरातली चार माणसं आत बसवून गाडी खड्ड्यातून नेत, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवत. मागे डावीकडे मी. टायर कुठे घासतोय का, ते मी कान देऊन सांगायचं.

"गाडी खाली येऊ दे गं," म्हणायचे, "पण चाकाला हलायला जागा हवी. नाहीतर वळणावर ती ऐकत नाही."

त्यांना जाऊन वर्ष झालं. रडू येत नाही मला, मन्या, आणि हसूही नाही. भाजी चिरते, दिवा लावते. खड्डे येतात नि जातात, आत काही हलत नाही. मीही फारच खाली बसले असेन.

पण काल तू गाडी वळवलीस तेव्हा डावीकडून घासल्याचा आवाज आला. बारीकच, तरी मला ऐकू आला. आणि तू तर एकटाच होतास आत; माणसं बसली की गाडी आणखी खाली येणार. रविवारी मित्रांना घेऊन घाटात जायचं म्हणतोस, त्याआधी गाडी घेऊन इकडे ये. मागची डावी जागा माझी ठेव. लवकर ये रे.