वॉल्टरची बंदूक आणि सासूबाईंचं माप

आमच्या घराण्यात आजवर कोणीही बंदूक चालवलेली नाही, आणि एवढं एक साधं वाक्य माझ्या बॉसला सांगायला मला तीन महिने लागले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ओहायोमध्ये, डब्लिनला राहत होतो. पंप बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन इंजिनियर होतो आणि वॉल्टर माझा बॉस. तिथे थंडी पडायला लागली की कॅफेटेरियात दुसरा विषय नसतो, फक्त हरणं. कोणी किती मारली, कुणाची किती मोठी शिंगं. मी आपला बटाट्याच्या भाजीचं सँडविच खात ऐकत बसायचो. एक दिवस वॉल्टरने सहज विचारलं, की तुझ्या घरी कोणी शिकार करायचं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, आजोबा करायचे. वाघाची.

(माझे आजोबा साताऱ्याला कोर्टात कारकून होते. त्यांनी आयुष्यात जी काही हत्या केली ती ढेकणांची, आणि तीही रॉकेल घालून.)

तीन महिन्यांनी, जानेवारीत, वॉल्टर एका रविवारी दुपारी घरी आला आणि त्याने गाडीतून एक लांबलचक बंदूक काढून माझ्या हातात ठेवली. त्याच्या दिवंगत वडिलांची. जुन्या पद्धतीची, तोंडाकडून भरायची. आधी नळीत काळी दारू ओतायची, मग तेलकट कापडात गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची आणि शेवटी मागच्या बाजूला एक बारकी तांब्याची टोपी बसवायची. ती टोपी फुटली की दारू पेटते. ओहायोत अशा बंदुकांचा वेगळा सीझन असतो. पुढच्या शनिवारी आपण खऱ्या हरणामागे जाऊ, त्याआधी या शनिवारी त्याच्या शेतावर एक चाचणी घेऊ, असं त्याने ठरवून टाकलं. टोप्या तो स्वतःकडे ठेवणार होता. दारू, पितळेचं माप आणि गोळ्या यांची पिशवी मला दिली. गोल गोळी, सत्तर ग्रेन दारू (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं बारकं वजन), असं त्याने स्पष्ट सांगितलं. माप एकदा भरलं की सत्तर. वडिलांनी जन्मभर तेवढीच घातली, जास्त घातली तर ही जुनी नळी फुटेल, असंही म्हणाला. जाताना त्याने बंदुकीच्या लाकडावरून हात फिरवला. तो हात बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वाघ मारणाऱ्याच्या नातवावर विश्वास टाकून हा माणूस बापाची आठवण माझ्या गॅरेजमध्ये ठेवून चालला होता.

आता, सत्तर ग्रेन म्हणजे सत्तर ग्रेन. पण मी इंजिनियर. मी लायब्ररीतून चार मासिकं आणली आणि ग्राफ पेपर घेऊन बसलो. गोल गोळी हलकी असते, वेगाने जाते पण लांबवर दम तोडते. लांबट गोळी जड, खोलवर घुसते, पण तिला नळीतले आटे वेगळे लागतात. साठ ग्रेन, सत्तर, ऐंशी, नव्वद, प्रत्येकाचा वेगळा आलेख. आमचा मित्र मुकुंद नागपूरचा, इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचा. त्याला दाखवलं तर त्याने आधी हरणाचं वजन विचारलं. वजन कळल्याशिवाय तो डोस सांगायला तयार नव्हता, आणि हरणाला काही ॲलर्जी आहे का हेही त्याला जाणून घ्यायचं होतं. आठवडाभर आम्ही दोन शाकाहारी माणसं साबुदाण्याची खिचडी खात गोळी कितपत खोल जावी यावर भांडलो. शेवटी ठरलं. गोल गोळी, सत्तर ग्रेन.

शनिवारी चार वाजता वॉल्टर मला न्यायला येणार होता. बंदूक शेतावर, त्याच्या समोरच भरायची होती. पण त्याच्यासमोर भरायची म्हणजे माझे हात गोंधळणार आणि आजोबा उघडे पडणार. म्हणून मी ती गॅरेजमध्येच भरून ठेवायचं ठरवलं. (हा मूर्खपणा होता हे मला आता कळतं. तेव्हा मला ते प्लॅनिंग वाटलं होतं.) बायको मुलीला पोहायच्या क्लासला घेऊन गेली होती. घरात होत्या फक्त सासूबाई, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या. जावयाचं काहीतरी यंत्र चाललंय म्हणून साडीवर माझा कोट चढवून त्या मदतीला आल्या.

मी बंदूक उभी धरली. एका हातात नळी, दुसऱ्या हातात नरसाळं. सासूबाईंना म्हणालो, आई, एवढं माप भरून यात ओता. आणि मी समोर गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजवर चिकटवलेला माझा आलेख शेवटचा एकदा वाचायला लागलो. मागून सर्र असा आवाज आला. झालं का विचारलं, झालं म्हणाल्या. मग गोळी. कापडाला लावायची ग्रीस सापडेना, तर त्या म्हणाल्या तूप लावा की. साजूक तुपाने गोळी अशी सुळकन उतरली की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

गजावर वॉल्टरच्या वडिलांनी चाकूने एक खूण केलेली होती. भरलेल्या बंदुकीत गज घातला की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती आली नाही. चांगली तीन बोटं वर राहिली. मी गज आणखी दाबला. खूण हलली नाही.

"आई," मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "माप किती वेळा ओतलंत?"

"अहो, एकदाच कधी वाढतात का? अशुभ असतं ते."

"म्हणजे दोनदा?"

त्यांनी आठवून बघितलं. "दोनदा. किंवा चारदा. तुम्ही नको म्हणाला नाहीत ना, त्यामुळे नक्की आठवत नाही. पण तीनदा नाही. तीन मी जन्मात कुणाला वाढलं नाही."

मी कॅल्क्युलेटर काढला. नळीचा व्यास, गजाची उंची, गोळीचा आकार. दोनदा हिशोब केला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं पावणेतीन मापं. सासूबाई पावणेतीन वाढणाऱ्यांतल्या नव्हेत, म्हणजे गोळीच मध्ये कुठेतरी अडकलेली असणार, आणि मासिकात लिहिलं होतं की ते तर आणखी वाईट. मुकुंदला फोन केला. तो म्हणाला, "यार, पेशंटला उलटं कर." उलटं केलं. हलवलं. काही पडलं नाही. पाणी ओत म्हणाला, तर मला त्या नळीत चढणारा गंज दिसायला लागला आणि त्या गंजामागे वॉल्टरचा चेहरा. सासूबाई तोवर मला समजावत होत्या, की अन्न कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं.

वॉल्टर तीनलाच आला.

गाडीत तोच बोलत होता. दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला याच बंदुकीने शिकवलं होतं, आणि वडील गेल्यापासून चार वर्षांत ती कोणी उडवलीच नव्हती. आता सांगू, या सिग्नलला सांगू, त्या पुलानंतर सांगू, असं करत करत शेत आलं. बंदूक भरून आणलीय हे ऐकून तो खूश झाला. काम वेळेत करणारा माणूस त्याला आवडायचा. मग त्याने बंदूक माझ्यासमोर धरली आणि पहिला बार तू काढ म्हणाला.

माझी अक्कल तिथे पूर्ण संपली. मी म्हणालो, नाही नाही, आधी तुम्ही.

हे आपलं नेहमीचं. दारातून आत जाताना, शेवटचा लाडू उचलताना, आपण म्हणतोच. पण वॉल्टरचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मी त्याच्या वडिलांचा मान ठेवतोय. त्याने बंदूक खांद्याला लावून बघितली, खाली घेतली, आणि खिशातली डबी उघडून एक टोपी हातात घेतली. मघाशी त्याच्या गालाला ती नळी जवळजवळ टेकली होती. मला घाम फुटला. आजूबाजूला बर्फ होतं.

"थांबा," मी म्हणालो. "वॉल्टर, त्यात दोन मापं आहेत. किंवा चार. माझ्या सासूबाई तीन वाढत नाहीत."

एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. मी मापाचं सांगितलं, अशुभाचं सांगितलं, पावणेतीनचं, तुपाचं. आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, आजोबांचं. वाघ नव्हता. कधीच नव्हता. ढेकूण होते.

त्याने टोपी डबीत परत ठेवली. डबी खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. मला दहा पावलं लांब उभं केलं. मग गजाला एक स्क्रू जोडून, अगदी सावकाश, त्याने गोळी बाहेर ओढली. तिचा वास घेतला. पुन्हा घेतला. नळी उलटी करून दारू कागदावर ओतली आणि पितळेच्या मापाने मोजली. पावणेतीनच्या आसपास भरली. म्हणजे हिशोब माझा बरोबर होता, आणि सासूबाईही बरोबर होत्या. त्यांनी दोनदाच वाढलं होतं, फक्त दोन्ही वेळा शीग लावून, पाहुण्याला वाढतात तसं.

वॉल्टर रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "वाघाची गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली होती रे. त्याने शाळेत निबंध लिहिला." मला त्या बर्फात शिरावंसं वाटलं. मी माफी मागितली. तो मान हलवून बंदूक पुसत राहिला, आणि गाडीत बसताना म्हणाला की नळी वाचली, आपण दोघं वाचलो, पुढच्या शनिवारी सहाला तयार राहा.

तर मी हरणाच्या शिकारीला गेलो. खोटं नाही, अख्खा दिवस जंगलात होतो, नारिंगी जॅकेट घालून. वॉल्टरकडे बंदूक, दारू, गोळ्या आणि टोप्या होत्या. माझ्याकडे कॉफीचा थर्मास होता. तोही वॉल्टरने घरूनच स्वतः मोजून भरून आणला होता.