कुलूपबंद घरांचा सुतार

“बाई, तुमच्या घराला वर्साचे किती म्हैने कुलूप ऱ्हातंय?”

गफूरचाचांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी शिरूर कासारला घर बांधायला काढलं होतं आणि त्यांच्या सुतारकामाच्या दुकानात सात चौकटी सांगायला गेले होते, सातही सागवानी. परक्या माणसानं पहिल्याच भेटीत घर कधी बंद असतं याची चौकशी करावी, हे काही मला रुचलं नाही. मी शाळेतली बाई, तोंडाची फटकळ. म्हटलं, “कशाला हवंय तुम्हाला? राखण करायला येणार आहात का?” चाचा हसले नाहीत की रागावले नाहीत. स्टुलावरचा भुसा झटकून त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. “राखण मी काय करणार? ती चौकटीलाच करायची हाय. म्हणून तर इचारलं.”

हा प्रश्न ते प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत, हे मला मागाहून कळलं. आमच्याकडची निम्मी घरं दिवाळी झाली की बंद होतात. माणसं ऊस तोडायला कारखान्यांवर जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. चाचांचं म्हणणं असं, की लाकूड घरातल्या माणसांच्या जिवावर टिकतं. चुलीचा धूर लागतो, दार रोज उघडतं-मिटतं, झाडता-पुसता बाईमाणसाला कोपऱ्यात वाळवीची माती दिसते आणि ती लगेच खरवडून काढते. “बंद घरात लाकडाला कोन हाय? वाळवीला रान मोकळं,” असं ते म्हणायचे.

पण हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. चाळीस वर्षं या माणसानं लाकडाशिवाय कशाला हात लावला नव्हता. अंगठ्याचं जाड नख फळीवर ओढून ते लाकूड किती जुनं, किती वाळलेलं ते सांगायचे. “माझी चौकट तुमच्या नातवंडांची लग्नं बघंल,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि खरोखरच गावात तशा चौकटी उभ्या आहेत. मग सागाचे भाव चढायला लागले. वखारीत जावं तर दर खेपेला नवाच आकडा. गिऱ्हाईक भाव ऐकायचं, चहा पिऊन उठायचं आणि पुन्हा फिरकायचं नाही.

अशा दिवसांत काशीबाई त्यांच्याकडे आली. गल्लीच्या टोकाला राहणारी, नवरा गेलेली, दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. घरकुलाच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या होत्या आणि मुलीचं लग्न ठरत आलं होतं. सागवान तिला परवडणार नव्हतंच, म्हणून चाचांनी बाभळीची चौकट केली. गाभ्याचं लाकूड कमी पडलं तेव्हा एका उभ्या बाजूला सालीजवळचं पांढरं लाकूड चालवून घेतलं. आणि तरीही सवयीनं नातवंडांच्या लग्नाचं वाक्य बोलून गेले.

पाडव्याला काशीबाई परत आली तर दार आडवं पडलेलं. ती बाजू वाळवीनं आतून खाल्ली होती आणि बिजागऱ्या निखळून आल्या होत्या. लग्नासाठी घेऊन ठेवलेली भांडी कुणीतरी उचलून नेली होती आणि ज्वारीची नासाडी शेळ्या-कुत्र्यांनी केली होती. “मी बघाय गेलतो, बाई. नख टोचलं तर बोट आत गेलं,” चाचा सांगायचे. काशीबाईनं शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “चाचा, घरात माणूसच न्हाई, तर लाकडानं तरी किती दम धरावा?”

त्यानंतर साठी उलटलेला हा सुतार एका गवंड्याच्या हाताखाली जाऊन बसला. सिमेंट किती, खडी किती, सळई कुठं वाकवायची, पाणी किती दिवस मारायचं, सगळं पहिल्यापासून शिकला. साचे मात्र स्वतः रंधून केले. पहिली सिमेंटची चौकट उचलताच मधोमध मोडली आणि बाजारात हसं झालं. “काय बे गफूर, सुताराचा गवंडी झाला का?” बरोबरीचे लोक विचारायचे. चाचा म्हणायचे, “झालो तर. तू बी ये, घमेलं उचलाय माणूस पायजेच हाय.” दुसरी चौकट टिकली. बिजागऱ्यांच्या जागी त्यांनी तिच्यात सागाचे ठोकळे बसवले होते, तेवढंच काय ते लाकूड. ती चौकट त्यांनी काशीबाईच्या घराला नेऊन लावली, आणि तिथून पुढं ऊसतोडीच्या घराला लाकूड द्यायचं बंदच केलं.

त्यांचा मुलगा सलीम यावरून फार चिडायचा. “अब्बा, सिमेंटची चौकट तर टेंपोवाला बी आणून देतो. मग लोक सुताराकडं येतील कावून?” त्याचं चूक नव्हतं. चाचांनाही ते लागायचं. एकदा मला म्हणाले, “लाकडात हात वळखू येतो, बाई. सिमेंटमधी कुनाचा हात हाय, कोन बघतंय? हे लोक मला इसरून जाणार.” असं म्हणायचे आणि पुन्हा साच्याला तेल लावायला बसायचे. आपलं नाव पुसलं जाणार याची एवढी बोच असून त्यांनी हात थांबवला नाही, याचं मला आजही सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

टेंपोतून येणाऱ्या चौकटी मजूर ढकलून बसवतात आणि जातात. चाचा आपल्या चौकटीबरोबर स्वतः जायचे, ओळंबा धरायचे आणि नारळ फुटेपर्यंत टोपी सावरत बाजूला उभे राहायचे. चौकट उभी करताना सुताराला टॉवेल-टोपीचा मान द्यायची आमच्याकडे रीत आहे. सिमेंटच्या चौकटीला लोक तो द्यायला विसरत आणि चाचा कधी आठवण करून देत नसत. एका घरी मालकीण म्हणाली, “सिमेंटची कसली पूजा?” चाचा म्हणाले, “वैनी, सून हिच्यातूनच आत येणार ना? मग लावा की कुंकू.” एका रंगाऱ्यानं सिमेंटवर सागाच्या रेषा ओढायला घेतल्या, तर त्याचा ब्रश काढून घेतला. “सिमेंट हाय तर सिमेंट दिसू दे. त्याला लाज कसली?”

माझ्याशीही ते असेच भांडले. “तुमी बारा म्हैने हितंच ऱ्हाता. पुढची एक सागवानी घ्या, हौस हाय तर. आतल्या सिमेंटच्या करा, न्हाणीला ग्रॅनाइट लावा.” मी चार दिवस फुगून बसले आणि मग मुकाट्यानं ऐकलं. स्वतःच्या दुकानातलं महाग काम असं परतवून लावणारा दुसरा दुकानदार मी पाहिला नाही.

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं चाचा गेले. कारखाने ऐन भरात होते आणि गल्ल्या ओस पडल्या होत्या. मयतीला मोजकी माणसं. सलीम मला म्हणाला, “बघा बाई, ज्यांच्यापायी धंदा मोडला त्यातलं एक माणूस न्हाई.” ती माणसं दोन-तीनशे किलोमीटरवर उसाच्या फडात आहेत हे मला कळत होतं, तरी मलाही त्यांचा राग आला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी खिडकीची कडी बदलून घ्यायला सलीमकडे गेले होते. कोपऱ्यावर ट्रक थांबला आणि दहा-बारा बाया डोक्यावरच्या गाठोड्यांसकट थेट चाचांच्या दारात आल्या. अंगावर प्रवासाची धूळ, पायात त्राण नाही. पुढं काशीबाई. गाठोडं खाली ठेवून ती तिथंच भुईवर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. सलीम गडबडला. म्हणाला, “मावशी, एवढ्या लांबून आलाय. आदी घरी जा, घर उघडून बघा तरी.”

“घराला काय हुतंय?” काशीबाई म्हणाली. “ते हाय तसंच असंल. तुझ्या अब्बानं त्याची काळजीच ठिवली न्हाई. म्हणून तर आदी हिकडं आलो.”

सलीम तिच्यासमोर खाली बसला आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळा होऊन रडला.