ग्लास कुठं हुता

"अरे, हा तर आपल्या आक्काबाईचा पोरगा!"

केंद्राचे अध्यक्ष हे बोलले तेव्हा आम्ही समितीचे चौघे त्यांच्या ऑफिसात पोहे खात होतो. कागलच्या बाजूला, हायवेपासून थोडं आत, नवीनच बांधलेलं वृद्धांचं शुश्रूषा केंद्र. आम्ही त्याचं मूल्यमापन करायला गेलो होतो. अध्यक्ष माझ्याकडे बोट करून बाकीच्यांना सांगत होते.

"ह्याची आई आमच्या वडिलांच्या दवाखान्यात आया होती. पेशंटची शौचाची भांडी धुवायची. हा डबा घेऊन मागच्या दारानं यायचा. आणि आज आम्हाला मार्क द्यायला आलाय बघा!"

सगळे हसले. मीही हसलो.

ते हसू लिहायला मला दोन वर्षं लागली.

अध्यक्षांच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. आई आयाच होती. तेवीस वर्षं. मी मागच्या दारानंच जायचो, कारण पुढच्या दारानं यायचं नाही असं सांगितलेलं होतं. त्या दवाखान्यात नर्सबाईंसाठी माठ होता. आईला त्या माठाला हात लावायची मुभा नव्हती. तिचा ग्लास वेगळा. स्टीलचा, काठाला चेपलेला. तो संडासाच्या खिडकीत पालथा असायचा. भांडी धुवायच्या नळाचं पाणी ती त्यातून प्यायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "नळ त्योच हाय की. पाणी काय येगळं हाय व्हय?" तेव्हा मला ते पटलं होतं. मी नऊ वर्षांचा होतो.

पुढे मी शिकलो. आता एका कॉलेजात समाजकार्य शिकवतो. लोक सर म्हणतात. वृद्धांच्या केंद्रांना श्रेणी देणारी आमची समिती झाली, तेव्हा तिचा फॉर्म तयार करायचं काम माझ्याकडे आलं. बेचाळीस प्रश्न. चादरी स्वच्छ आहेत का. जेवणाचा तक्ता लावला आहे का. पिण्याच्या पाण्याची सोय आहे का. डॉक्टरांच्या भेटीची वही आहे का. मला त्या फॉर्मचा फार अभिमान होता. एकदा घरी बसून तो नीट लिहीत होतो तेव्हा आई चष्मा पुसत जवळ आली.

"काय लिवतोयस?"

मी सांगितलं.

तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, "चादरी काय बगतोस? तुमी येनार म्हनून सकाळीच बदलत्यात. टाचा बग. निजून ऱ्हायलेल्याच्या टाचा लाल झाल्यात का बग. आन् पान्याचा ग्लास कुठं ठिवलाय त्यो बग. मान्साच्या हाताला येतोय का."

"आई, पाण्याचा प्रश्न आहे त्यात."

"फिल्टर न्हवं रं. ग्लास. लांब ठिवत्यात मुद्दाम. पेशंट प्याला की भिजवतोय. भिजवलं की बदलाय लागतंय. म्हनून लांब."

मी मान हलवली. तिचं बोलणं फॉर्ममध्ये घेतलं नाही. ते कसं घालायचं कळलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. कुणी विचारलं असतं, हे तुम्हाला कसं सुचलं सर? मग काय सांगणार होतो? की माझ्या आईनं तेवीस वर्षं ग्लास लांब ठेवलेले बघितलेत?

पोहे संपले. आम्ही केंद्र बघायला निघालो. दारातच चकचकीत फिल्टर, त्याच्यावर झेंडूची माळ. मी फॉर्मवर पाण्यापुढे 'होय' लिहिलं. अध्यक्ष पुढे चालत होते, मधूनमधून वळून माझ्याकडे बघून हसत होते. "तुला काय दाखवायचं, तुझं तर घरचंच काम आहे."

मागच्या खोलीत सहा पलंग. तिसऱ्या पलंगावर एक म्हातारी. पलंगाला अडकवलेल्या पाटीवर नाव, कृष्णाबाई. नेसरीकडची. बोलण्यात कानडी हेल. हात शेतात राबलेल्या बाईचे, बोटं जाड, नखं काळवंडलेली. दोन मुलं पुण्यात, असं सोबतच्या मॅनेजरनं सांगितलं. बाकीचे पुढच्या खोलीत गेले. मी पाटीवरचं नाव उतरवून घेत थांबलो होतो.

"पावणं," ती म्हणाली, "वाईच पानी द्या की."

ग्लास होता. झाकण ठेवलेला, स्वच्छ, पाण्यानं भरलेला. पलंगापासून चार हातांवर, खिडकीच्या कट्ट्यावर.

मला कळलं. आईनं सांगितलेलं सगळं त्या एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. चार पावलं होती. मी उचलून तिच्या तोंडाला लावू शकलो असतो.

पण दारात अध्यक्ष येऊन उभे होते.

मी तो ग्लास उचलला असता तर सर राहिलो नसतो. आक्काबाईचा पोरगा झालो असतो, सगळ्यांसमोर. ते म्हणाले असते, बघा, रक्तातच आहे. मला ते ऐकायचं नव्हतं. माझे पाय हलले नाहीत.

"मावशींना सांगतो," मी कृष्णाबाईंना म्हणालो.

"सांगा हां," ती म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास बसला होता.

मी सांगितलं नाही. व्हरांड्यात मावशी भेटलीसुद्धा. हातात ओल्या कपड्यांची बादली, कपाळावर घाम. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पुढे गेलो. गाडीत बसल्यावर फॉर्मच्या शेवटी लिहिलं, 'एकूण सेवा उत्तम. श्रेणी अ.' आणि सही केली.

घरी आल्यावर आईनं पाणी दिलं. मी पीत असताना तिनं विचारलं, "ग्लास कुठं हुता?"

"जवळ होता," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवीस वर्षं पेशंटची तोंडं वाचलेली बाई. तिनं माझ्या हातातला रिकामा ग्लास घेतला आणि आत गेली.

त्यानंतर मला पाणी पिताना ऐकू येतं. वर्गात बोलताना घसा कोरडा पडतो, टेबलावरच्या बाटलीकडे हात जातो, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, पावणं. मी बघतो. मुलं वहीत लिहीत असतात. एकदा लग्नात पंगतीत वाढपी पाणी घालत आला आणि मी पान सोडून उठलो. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पित्त झालंय.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच केंद्र आमच्याकडे आलं. श्रेणीवर देणगीदार ठरतात, म्हणून त्यांना पुन्हा अ हवा होता. मला नाव काढून घेता आलं असतं. मी गेलो. या वेळी फेटे बांधले, नारळ दिले. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आक्काबाई बऱ्या आहेत ना? सांग त्यांना, आमच्याकडे एक पलंग राखीव ठेवलाय."

पुन्हा हशा. या वेळी मी हसलो नाही. पण बोललोही नाही.

मागच्या खोलीत तिसरा पलंग रिकामा होता. पाटी काढलेली.

"कृष्णाबाई?" मी मॅनेजरला विचारलं.

"त्या गेल्या की. झाले सात-आठ महिने. वय झालं होतं."

वय झालंच होतं. पाण्यावाचून गेल्या असं मी म्हणणार नाही, मला ते माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. कुठल्याही वहीत ते लिहिलेलं नाही. माझ्या फॉर्ममध्ये तर उत्तम लिहिलं होतं.

रिकाम्या पलंगाच्या रेषेत, खिडकीच्या कट्ट्यावर, सहा ग्लास ओळीनं मांडलेले. सगळ्यांवर झाकणं.

मी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. चपला काढल्या. आणि त्या पलंगावर आडवा झालो.

"अहो सर, काय करताय!" मॅनेजर ओरडला. "गादी नवीन आहे!"

मी हात लांब केला. पूर्ण. खांदा दुखेपर्यंत. माझा हात कृष्णाबाईंच्या हातापेक्षा लांब आहे. तरी बोटं हवेत राहिली. ग्लास आणि बोटं यांच्यात अडीच हात अंतर.

आवाज ऐकून अध्यक्ष आले. समितीचे बाकीचेही.

"उठ," अध्यक्ष म्हणाले. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "काय तमाशा लावलायस?"

"हे ग्लास इथं कुणी ठेवले?" मी झोपूनच विचारलं.

मग दारातून मावशीचा आवाज आला. तीच, बादलीवाली.

"वरनं सांगितलंय साहेब. दुपारी तीनच्या पुढं पानी बेतानं. मी एकटी हाय. अठरा मानसं हायत. कितींदा बदलू सांगा?"

"तू गप गं!" अध्यक्ष तिच्यावर खेकसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आईनं आयुष्यभर हेच केलं आमच्याकडे. तेव्हा नाही वाटलं ते वाईट? का आता शिकलास म्हणून वाटायला लागलं?"

मी उठून बसलो. एवढी वर्षं मी ज्याला घाबरत होतो ते त्यांनी सगळ्यांसमोर बोलून टाकलं होतं. आणि मला काहीच झालं नाही.

"होय," मी म्हणालो. "आईनंच मला सांगितलं होतं ग्लास कुठे बघायचा ते. ऐकलं नाही मी."

मग मी चालत कट्ट्याजवळ गेलो. चार पावलं. एकेक ग्लास उचलून पाचही जणांच्या हाताशी ठेवला. एक आजोबा होते, त्यांनी दोन्ही हातांनी धरून संपवला आणि पुन्हा पुढे केला. सहावा ग्लास रिकाम्या पलंगाच्या उशाशी ठेवला. त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

फॉर्मवर पाण्यापुढे मी 'नाही' लिहिलं. समितीच्या प्रमुखांनी गाडीत समजावलं, "घरचं दुःख कामात आणू नये सर. एका ग्लासावरून श्रेणी कशी पाडायची?" पुढच्या महिन्यात समितीच्या यादीत माझं नाव नव्हतं. केंद्राला ब मिळाला. ब पण चांगलाच समजतात.

आईला सगळं सांगितलं. आधी खोटं बोललो होतो तेही. मला वाटलं होतं, ती डोक्यावरून हात फिरवेल. तिनं फिरवला नाही.

"त्या बाईचं नाव लिवलंस का कुठं?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग काय केलंस?"

म्हणून हे लिहिलं आहे. याची एक प्रत मी त्या केंद्राच्या ऑफिसात देऊन पोच घेतली. दुसरी समितीला दिली. पहिल्या वर्षी मी खोट्या श्रेणीवर सही केली होती, असं त्यात स्पष्ट आहे. खाली माझं नाव आहे, त्याच्याखाली आक्काबाईचा मुलगा असं लिहिलं आहे. इथून पुढे मला कुणी बोलावलं किंवा नाही बोलावलं, मी जिल्ह्यातल्या अशा प्रत्येक केंद्रात जाणार आहे. पुढच्या दारानं. पलंगावर आडवा होणार आहे आणि हात लांब करणार आहे. ग्लास हाताला आला नाही तर तिथंच बसून लिहिणार आहे.

नेसरीच्या कृष्णाबाईंनी माझ्याकडे पाणी मागितलं आणि मी दिलं नाही. हे वाक्य आता केंद्राच्या फाइलमध्ये आहे. केंद्रवाल्यांना ते फाडायचं असेल तर त्यांनी फाडावं. मी पुन्हा लिहून देईन.