कारखानीस डबा घेऊन आले

सोमवारी सकाळी कारखानीस आमच्या शारजाच्या ऑफिसात कामावर हजर झाले आणि आख्ख्या ऑफिसला घाम फुटला. तोही जानेवारीत. एका हातात डबा, पायात सेफ्टी शूज, बगलेत स्वतःचं हेल्मेट. रिसेप्शनवर त्यांनी विचारलं, माझी जागा कुठली?

त्यांना जागाच नव्हती. कारण त्यांनी यायचंच नव्हतं.

नीट सांगतो. मी तिथे टेंडर सेक्शन बघायचो. मालक सामंत सर. ते फोनवर बोलायला लागले की समोरच्या टॉवरमधले लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे. अबुधाबीत एका सरकारी क्लिनिकच्या पाण्याच्या टाकीचं टेंडर निघालं. जमिनीखालची टाकी, काम चांगलं. पण आमचं लायसन्स शारजाचं, आणि इथे प्रत्येक अमिरातीचा संसार वेगळा. तिकडे काम करायचं तर तिकडच्या खात्याकडे रजिस्टर झालेला इंजिनियर आपल्या व्हिसावर हवा. असा रिकामा माणूस शोधताना मी इतके फोन केले की कानाला घट्टे पडले.

शेवटी कारखानीस सापडले. अनुभवी माणूस, रजिस्ट्रेशन चालू. त्यांची कंपनी बंद पडली होती, व्हिसा कॅन्सल झाला होता आणि देश सोडायची मुदत जवळ येत होती. नवीन व्हिसा नाही, तर सगळ्या घरानं पुण्याला परत जायचं. मुलगी बारावीला, बोर्डाची परीक्षा महिन्यावर, सेंटर इथलंच. तिचं वर्षच जाणार होतं.

आता काही कंपन्यांत एक पद्धत असते. इंजिनियरचं नाव ठेवायचं, माणूस ठेवायचा नाही. त्यानं घरी बसायचं, सही लागली की सही करायची. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

आमच्याकडेही बोललं गेलं नाही. सामंत सरांनी कारखानीसांना अल मजाजमधल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. मीही होतो. खिडकीसमोर लगूनचं पाणी, ताटात अळूवडी. सर म्हणाले, "आरामात राहा. तुम्हाला कसलाही त्रास होणार नाही." कारखानीस म्हणाले, "आभारी आहे." झाला इंटरव्ह्यू. आपल्या लोकांत जेवायला बसवलेल्या माणसाला 'तुमचं फक्त नाव पाहिजे' असं तोंडावर सांगता येत नाही. आणि ज्याच्याकडे जेवलो त्याला 'नेमकं काम काय' असं विचारता येत नाही.

म्हणून सोमवारी हा प्रसंग. सरांनी मला केबिनमध्ये ओढलं.

"कदम, हा आलाय कशाला?"

"नोकरीला, सर."

"त्याला समजावून सांग ना."

"तुम्ही सांगा. तुमच्याकडची अळूवडी त्यांनी दोनदा मागून घेतलीये."

शेवटी मी प्रिंटर खाली जमिनीवर ठेवला आणि ते टेबल कारखानीसांना दिलं.

त्यांनी ड्रॉइंग मागवली. दुपारी विचारलं, साइट कुणी पाहिली? टेंडरमध्ये इंजिनियरनं सही करून द्यायचं असतं की जागा मी स्वतः पाहिली आहे. आम्ही रेट काढला होता नकाशावरून. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाडीत घातलं. मी चालवतो तेव्हा रस्त्यावरचे रडार कॅमेरेसुद्धा डोळे मिटतात, पण हा माणूस शांत बसून होता.

शहर मागे टाकून समुद्राजवळ पोचलो. सपाट माळ, वर मिठाची पांढरी साय. कारखानीसांनी टाचेनं ती साय फोडली. खाली ओल.

"सबखा," ते म्हणाले. म्हणजे खारी जमीन. थोडं खणलं की पाणी लागतं, आणि ते मीठ काँक्रीटमधून आत शिरून लोखंड खातं. इथे वेगळं सिमेंट, बाहेरून कोटिंग, खणताना सतत पाणी उपसणं, खड्ड्याच्या भिंतींना आधार, हे सगळं लागतं. आमच्या रेटमध्ये यातलं काहीच नव्हतं.

परतताना मी म्हटलं, "साहेब, आत्ता सही करून टाका. व्हिसा लागू दे. मुलीचं वर्ष आहे."

ते म्हणाले, "मागे एका कंपनीत मी असाच नाव देऊन घरी बसलो होतो. साइटवर खड्ड्याची बाजू ढासळली. एक मजूर दबला, दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कँपमधला. कंबर गेली त्याची. मी हॉस्पिटलमध्ये भेटायला गेलो, तर तो विचारतो, 'साब, आप कौन?' साइटच्या बोर्डावर माझं नाव होतं, कदम. रोज त्या बोर्डासमोरून जायचा तो."

मी विचारलं, "म्हणजे सरांना काय हवंय ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"जेवतानाच कळलं. म्हणून तर डबा घेऊन आलो."

ऑफिसात त्यांनी नवीन रेट सरांपुढे ठेवला. सरांनी तो मनातल्या मनात रुपयांत केला असावा, कारण चेहरा पांढरा पडला.

"या रेटला टेंडर गेलं म्हणून समजा."

"जाऊ दे. जुन्या रेटवर माझी सही नाही."

"तुमच्या व्हिसाची फाइल अजून टायपिंग सेंटरलाच आहे, अर्ज पुढे गेलेला नाही, कारखानीस." सरांचा आवाज पहिल्यांदाच इतका खाली आला होता.

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि हेल्मेट उचलून आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

सर मला म्हणाले, खलास, उद्यापासून येऊ नका म्हणून सांग, दुसरा शोध. मी म्हटलं, "सांगतो. फक्त शनिवारी वहिनींनी कारखानीसांच्या मिसेसना हळदीकुंकवाला बोलावलंय, तेवढं तुम्ही घरी बघून घ्या." हे मी तिथल्या तिथे रचलं होतं. खोटं उरू नये म्हणून घरी गेल्या गेल्या बायकोला सामंत वहिनींना फोन करायला लावला. रात्रीपर्यंत आमंत्रण खरोखर गेलं होतं.

घरी वाण घेऊन गेलेल्या बाईच्या नवऱ्याला दुसऱ्या दिवशी काढून टाकणं सरांच्यानं झालं नाही. ज्या भिडस्तपणानं घोळ घातला, त्यानंच कारखानीसांचा व्हिसा लावला. मुलगी परीक्षेला बसली.

टेंडर मात्र गेलं. नवीन रेटनंच भरलं होतं. कुणीतरी बरंच खाली भरून घेतलं. सर महिनाभर माझ्याशी फक्त ईमेलवर बोलले.

पुढे अबुधाबीतच एका शाळेची कंपाउंड वॉल मिळाली. छोटंसं काम. पहिल्या दिवशी मजुरांची बस यायच्या आधी कारखानीस बोर्डाशेजारी जाऊन उभे राहिले. उतरणाऱ्या एकेकाला आधी बोर्डावरचं नाव दाखवायचे, मग स्वतःकडे बोट करायचे. "ये मैं हूं," म्हणायचे.

तेव्हापासून दुसऱ्या अमिरातीसाठी इंजिनियर घेताना मी एकच विचारतो, डबा आणणार का? हो म्हणाला, की प्रिंटर आधीच खाली उतरवून ठेवतो.