तात्यांच्या काजूंचं अनुदान

कट्टा गावच्या बाजारात माझं ऑनलाईन सेंटर आहे. शेतकऱ्यांच्या सरकारी अनुदानाचे अर्ज इथूनच जातात. सर्व्हर डाऊन झाला की माणसं घरी जात नाहीत, बाकड्यावर बसून गजाली मारतात. त्यामुळे माझ्याकडे अर्ज कमी आणि किस्से जास्त साठलेत. त्यातले निम्मे एकट्या गुणाजी तात्यांचे!

*

शेतकऱ्यांचा सरकारी हप्ता चालू राहायचा तर मशीनवर अंगठा द्यावा लागतो. तात्यांचा जन्म काजू फोडण्यात गेलेला, मशीन काही अंगठा घेईना. मी म्हटलं, "तात्या, नीट दाबा."

"अरे, काजीच्या चिकान अंगठो कधीच खाल्लो. मशीन काय शोधतला?"

मग चेहरा दाखवायची पाळी आली. आमच्या कृषी सहायक मॅडम सोलापूरकडच्या, कामाला एकदम कडक. त्यांनी मोबाईल धरला आणि म्हणाल्या, "तात्या, डोळे मिचकावा."

तात्या ढिम्म. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाईमाणसाक डोळे मिचकावूचे? माका गावात ऱ्हवाचा आसा रे."

मोबाईल मी धरला. मग मला बघून झकास मिचकावले!

*

खरी कसोटी काजू लागवडीची. अनुदान मंजूर व्हायचं तर धाकट्या भावाची, वसंताची संमती हवी, कारण जमिनीवर त्याचंही नाव. आणि हे दोघे गडग्यावरून, म्हणजे मधल्या दगडी कुंपणावरून, भांडलेले. वर्षानुवर्षं बोलणं बंद. गणपती मात्र दोघांचा एकच.

मॅडमनी बरोबर चतुर्थी गाठली. आरती संपताच कागद पुढे केला. वसंता गणपतीकडे बघून म्हणाला, "देवा, तेका सांग, सही करतंय. पण गडगो माझो."

तात्याही गणपतीलाच म्हणाले, "देवा, तेका सांग, मोदक खाल्ल्याशिवाय जाव नको."

बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "देवाला पंच करून काम मी पहिल्यांदाच केलं."

*

पुढच्या पावसाळ्यात रोपं लागली. पण अट अशी, की दुसऱ्या वर्षी रोपं जगलेली दिसली तरच पुढचा हप्ता. तात्या म्हातारपणी कळशीने पाणी घालायचे. बघून कौतुक वाटायचं आणि जीवही तुटायचा.

आणि ऐन वैशाखात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ओरोसला ऑपरेशन झालं आणि मग त्यांची बायको, आमच्या काकी, त्यांना घेऊन खारेपाटणला लेकीकडे गेल्या. तिथून तात्यांचा मला रोज फोन. पाय दुखतो असं एकदाही नाही, "रोपां सुकली असतली रे" एवढंच. मला जाऊन बघायचाही धीर होईना. काय सांगणार होतो त्यांना?

शेवटी मॅडम पाहणीला आल्या आणि मला सोबत घेऊन गेल्या. आजूबाजूचा सडा, म्हणजे कातळाचा माळ, भाजून निघालेला, आणि तात्यांची रोपं हिरवीगार! बुंध्याशी ओली माती, वर सुक्या पाल्याचं आच्छादन. मला तर भरूनच आलं.

गडग्याचे खालचे दोन चिरे काढलेले होते. त्या भोकातून एक पाईप आला होता, थेट वसंताच्या विहिरीवरून. त्या विहिरीचाही तेव्हा तळ दिसत होता.

वसंता पलीकडे अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होता. मॅडमनी विचारलं, "वसंतराव, तात्यांच्या रोपांना पाणी तुम्ही घालता?"

त्याने मानही वर केली नाही.

"माका कित्याक इचारतास? मी तेच्याशी बोलणंय नाय."