पाय हालले नाहीत म्हणून

तानबाजी गेल्याची बातमी मोहाडीला मी दिली, आणि तीही चुकून. सव्वीस जानेवारीच्या तयारीसाठी शाळेच्या मैदानावर माइक तपासत होतो. त्यांच्या सुनेचा, शोभाचा, फोन आला आणि माझं "काय? तानबाजी गेले?" दोन्ही भोंग्यांतून थेट बाजारापर्यंत गेलं. माइकपुढे त्यांच्या बाबतीत मी केलेली ही दुसरी चूक. पहिली फार मोठी...

गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले आमच्याकडे तानबाजी तेवढे एकच उरले होते. मी मराठीचा मास्तर, त्यामुळे पंधरा ऑगस्टला त्यांची ओळख करून देणं माझ्याकडे. विशीतल्या तानबाजींनी आठवडी बाजारात बैलबंडीवर उभं राहून भाषण केलं, पोलीस आले तरी ते थांबले नाहीत आणि त्यांच्याकडे पाहून बाजारही पळाला नाही, एवढं खरं. सिंहगर्जना वगैरे माझ्या पदरची. त्या वर्षी तर मी त्यांना चार पानी भाषणच लिहून दिलं. त्यांनी ते घडी घालून खिशात टाकलं आणि माइकवर म्हणाले, "मी भेवलो होतो. पोलीस दिसले तसं उडी मारून पळाचं होतं. पाय हालूनच नाई राहिले, म्हून तोंड हालवत राहिलो. लोकायले वाटलं, हा थांबला तं आपणही थांबू. अन् ते थांबले तवा..."

मी माइक ओढला. "हा त्यांचा विनय!" टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो.

"कायले ओढला, मास्तर?"

"लोकांना वाईट वाटलं असतं."

"लोकायले का तुमाले?" मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "सारे शूर म्हणते, हार घालते अन् निघून जाते. बसत कोणी नाई."

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्या खाटेजवळच्या डुगडुगत्या स्टुलावर बसू लागलो. "ते थांबले तेव्हा काय?" असं विचारलं की हसायचे. "ते बाजाराले सांगाचं होतं, तुमाले नाई." पुढच्या ऑगस्टला माइक तुमचाच, असं मी दरवर्षी कबूल करायचो, आणि ऑगस्ट आला की मंचावरच्या पाहुण्यांना घाबरून माइक स्वतःकडेच ठेवायचो. शौर्यावर भाषणं मात्र मीच ठोकत होतो!

शोकसभेत माइक माझ्याकडे आला. त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत सांगितलं, "ते थांबले तवा" पर्यंत. पुढचं मला ठाऊक नाही, आणि ते मीच तोडलं, हेही सांगितलं. टाळ्या पडल्या नाहीत. बरं वाटलं.

परवा रविवारी सवयीने गेलो. खाट रिकामी. स्टुलावर बसलो आणि लक्षात आलं, हे किती वर्षांत डुगडुगलेलंच नाही. मला वाटायचं, बसायची सवय झाली. वाकून पाहिलं. एका पायाखाली कागदाची जाड घडी, आणि तिच्या कडेला माझं अक्षर... मी हात घातला, तशी शोभा म्हणाली, "राहू द्या, गुरुजी. मामाजीनंच लावलं होतं. म्हणे, मास्तर पडन."

मी हात काढून घेतला आणि बसून राहिलो.