वरच्या कुंडातली कमलवहिनी

सुरतेजवळ चलथाणला आमच्या शेजाऱ्यांकडे दादाचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पिठाच्या हातांनीच धावले. "शालू, कमल गेली," एवढंच तो म्हणाला. तापाचं निमित्त झालं आणि माझी वहिनी पन्नाशीच्या आतच गेली. त्याला महिना होऊन गेला. तिच्याविषयी लिहायला बसले की डोळे भरण्याआधी नाकात एक वास येतो, गरम झऱ्यांच्या गंधकाचा... आणि अंगावर शिसारी येते.

लग्नानंतर दादा तिला अकोल्याकडून सुरतेला घेऊन आला. तो कडोदऱ्याला कापडाच्या लूमवर लागला, पर्वत पाटिया भागात चाळीत खोली घेतली. वहिनी घरी साड्यांना टिकल्या लावायची. वर्षानुवर्षं मांडी घालून बसल्यानं तिचे गुडघे धरले होते. उठताना भिंतीचा आधार घ्यायची, पण तोंडातून हूं की चूं नाही. शेजारच्या सुनंदाबाईंचा नवरा सरकारी कचेरीत होता. दोघींचं रोज वाटीभर भाजीचं देणंघेणं चाले. तळ्याकाठच्या एका लहानशा गावात गरम झरे आहेत, तिथं न्हाल्यावर गुडघे मोकळे होतात, हे त्यांनीच सांगितलं. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात आम्ही एसटीनं निघालो. दादा, वहिनी, सुनंदाबाई आणि मी. बसमध्ये दोघी एकाच डब्यातून थेपले खात होत्या.

तळं सुंदर होतं. त्याच्याकडे पाठ करून दोन कुंडं बांधलेली, एक वर, एक खाली. वरचं पाणी मोरीनं खालच्यात उतरायचं. दारात बसलेल्या म्हाताऱ्यानं आमच्याकडे न बघताच विचारलं, "केवा छो?" गुजरातीत असं विचारलं की जात सांगायची असते. वहिनी सरळ म्हणाली, "बौद्ध." त्यानं हातानंच खाली दाखवलं. "तमारे नीचे नहावानुं." सुनंदाबाईंनी आपलं आडनाव सांगितलं आणि मागे वळूनही न बघता त्या वर गेल्या.

आम्ही खाली जाऊन बघितलं. करड्या फेसावर केसांचे गुंतवळ तरंगत होते, साबणाचे कागद, कुणाच्या तरी जखमेवरचा पिवळा कापूस. पायरीवर गुटख्याची पिचकारी. मी नाक दाबून धरलं. दादा मात्र खालच्या आवाजात म्हणाला, "उतर ना कमल. पानी तं तेच हाये." त्या क्षणी मला त्या कापसापेक्षा माझ्या भावाचीच जास्त किळस आली.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. मग कठडा धरत, एकेक पायरी चढत ती वर गेली आणि लुगड्यासकट वरच्या कुंडात उतरली. म्हातारा ओरडत उठला. बायका किंचाळत बाहेर पळाल्या. सुनंदाबाईसुद्धा... वहिनीच्या अंगावरून गेलेलं पाणी लागू नये म्हणून त्यांनी ओला पदर गोळा करून छातीशी धरला. तासाभरापूर्वी हिच्याच हातचा थेपला खाल्ला होता ना! म्हातारा काठी आपटत राहिला, पण हात लावायला कुणी पुढे येईना. विटाळाची भीती रागापेक्षा जास्त. एवढ्या मोठ्या कुंडात वहिनी एकटी, गळ्यापर्यंत पाण्यात, शांत बसून राहिली.

तिच्या मनाला आलं तेव्हा ती बाहेर आली. मला वाटलं, चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद असेल. पण तिनं नाक मुरडलं. "शालू, वरचंबी घानच हाये वं बाई." मग आम्ही दोघी तळ्यावर गेलो आणि त्या थंडगार पाण्यात तिनं हातपाय चोळचोळून धुतले. गुडघे काही बरे झाले नाहीत. सुनंदाबाईंशी पुन्हा वाटीची देवाणघेवाण झाली नाही.

त्याच सुनंदाबाई परवा शोकसभेला आल्या होत्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "कमलताईंना स्वच्छतेची फार आवड हो." मी उठून बाहेर गेले. तिथं थांबले असते तर काय बोलले असते, कोण जाणे.

त्या सहलीनंतर वहिनी घरीच गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून बसायची. पाणी दादा तापवायचा, रोज, कामावर जाण्याआधी. त्या दिवसाविषयी तो कधी बोलला नाही, तिनं विचारलं नाही. टब मात्र ती आधी घासायची आणि नंतरही घासायची, स्वतःच्या हातानं. गेल्या रविवारी मी खोलीवर गेले तेव्हा दादा मोरीत उकिडवा बसून तोच टब राखेनं घासत होता. टब लख्ख होता.

"कोणी वापरला रे?" मी विचारलं.

"कोनीच नाही," तो म्हणाला, आणि घासत राहिला.